लिनक्स घेतले; आता डेस्कटॉप कोणता?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्यामुळे, उत्तम चालणारे असंख्य संगणक एका दिवसात कागदोपत्री म्हातारे झाले. अशांपैकी काही संगणक माजी विद्यार्थ्यांनी आणि हितचिंतकांनी आपल्या वसतिगृहाच्या संगणक कक्षास दिले आहेत. आणखी काही पालकांच्या घरी कपाटावर धूळ खात आहेत. त्यांवर लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली घालावी, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. वाद होतो तो पुढच्या पायरीवर. लिनक्स घालताना पडद्यावर नावांची एक यादी येते: ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, माते, एलएक्सक्यूटी. यांतील एक निवडा, असे संगणक म्हणतो आणि आपण गोंधळतो. संगणक कक्षाची देखभाल पाहणाऱ्या आम्हा काही माजी विद्यार्थ्यांना हा प्रश्न पालकांकडून व मित्रांकडून सतत विचारला जातो, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर येथे देत आहोत.

प्रथम ही नावे कशाची, ते पाहू. विंडोजमध्ये यंत्र चालविणारा आतला भाग आणि डोळ्यांना दिसणारा बाहेरचा भाग एकाच कंपनीकडून एकत्र बांधून येतात. त्यामुळे ते वेगळे असू शकतात हे आपल्या ध्यानीही येत नाही. लिनक्समध्ये ते खरोखरच वेगळे आहेत. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जे लिहावयास घेतले, तो केवळ गाभा होय: स्मृती, डिस्क, कळफलक यांचा कारभार पाहणारा. त्यावर पडद्यावर चित्र काढणारी एक व्यवस्था असते. तिच्यावर खिडक्यांना चौकट देणारा, त्या हलविणारा व झाकणारा प्रोग्राम, खालची पट्टी, मेनू, फायली दाखविणारा प्रोग्राम, सेटिंग्जची खिडकी असा सारा संसार असतो. या संसारालाच डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. आपण थोडक्यात डेस्कटॉप म्हणू. घर तेच, पण ओटा कुठे, दिवाणखाना कसा आणि दिव्याची बटणे कोणत्या भिंतीवर, हे डेस्कटॉप ठरवितो. दुसरा डेस्कटॉप घातला म्हणून आपल्या फायली जात नाहीत किंवा प्रोग्राम बदलत नाहीत. एकाच संगणकावर दोन डेस्कटॉप सुखाने नांदू शकतात. पासवर्ड देण्याच्या पडद्यावर लहानसे चिन्ह असते, तेथून हवा तो निवडता येतो. निवड चुकली तर सर्व पुन्हा घालावे लागेल ही भीती पुष्कळांना असते. ती निराधार आहे.

इतके प्रकार झाले कसे, याची कथा मनोरंजक आहे. १९९६ च्या १४ ऑक्टोबरला माटियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने केडीई या प्रकल्पाची घोषणा केली. (ही तारीख या स्मरणिकेच्या वाचकांस वेगळी सांगावयास नको, अर्थात हा निव्वळ योगायोग.) त्या काळी युनिक्सवरील प्रत्येक प्रोग्रामची धाटणी निराळी असे, आणि ज्याला संगणकशास्त्राशी कर्तव्य नाही अशा माणसाला ते वापरणे दुरापास्त होते, ही एट्रिखची तक्रार होती. केडीईची उभारणी क्यूटी या संचावर झाली. हा संच तेव्हा पूर्णतः मुक्त परवान्याखाली नव्हता. ज्यांना हे तत्त्वतः अमान्य होते त्यांच्यापैकी मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकोच्या तरुणांनी १९९७ मध्ये ग्नोम सुरू केला. पुढे २००० मध्ये क्यूटीही मुक्त परवान्याखाली आला, म्हणजे भांडणाचे मूळ कारण मिटले. पण तोवर दोन घरे उभी राहिली होती आणि दोन्ही आजतागायत नांदती आहेत. एक्सएफसीईचा आरंभही याच सुमारास ऑलिव्हिए फूर्दां यांनी केला.

दुसरी मोठी फाटाफूट २०११ मध्ये झाली. ग्नोमने आपल्या तिसऱ्या आवृत्तीत जुनी मांडणी पार मोडली. खालची पट्टी गेली, मेनू गेला, खिडकी लहान करण्याचे बटणही नेहमीच्या जागेवरून नाहीसे झाले. खुद्द टोरवाल्ड्स यांनी जाहीर नापसंती व्यक्त करून काही काळ एक्सएफसीईचा आसरा घेतला. पुढे ते ग्नोमकडे परतले, हेही सांगितले पाहिजे. ज्यांना परतावयाचे नव्हते त्यांच्यातून दोन वाटा निघाल्या. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुना ग्नोम जसाच्या तसा पुढे चालविला आणि त्याला आपल्याकडील चहासारख्या पेयाचे नाव दिले: माते. मराठी कानाला ती आईला घातलेली हाक वाटते, आणि जुन्या घराची ओढ असलेल्यांचा हा डेस्कटॉप आहे हे पाहता ते अगदीच अस्थानी नाही. लिनक्स मिंटच्या मंडळींनी दुसरी वाट धरली. नव्या ग्नोमचाच पाया घेऊन त्यांनी जुन्या वळणाचा सिनॅमन तयार केला.

या इतिहासातून एक गोष्ट उमगते. डेस्कटॉपांत भेद आहे तो माणसाने संगणकापुढे कसे वागावे याविषयीच्या मतांचा. ग्नोमचे म्हणणे असे की, पडद्यावर एका वेळी एक काम असावे, बाकी सर्व दृष्टीआड. केडीई म्हणतो, तुम्हांला हवे ते बदला. आम्ही बटण ठेवले आहे. एक्सएफसीई फारसे काही म्हणत नाही. त्याची नवी आवृत्ती अलीकडे साधारण दोन वर्षांनी येते, आणि आली तरी पडद्यावर काय बदलले ते शोधावे लागते. आमच्या दृष्टीने हा दोष नव्हे, मोठा गुण आहे.

आता आपल्या कक्षाकडे वळू. येथे एका विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवड्यातून एक तासिका येते. त्यातील पाच-सात मिनिटे यंत्र सुरू होण्यात गेली, आणखी पाच मिनिटे ‘खालची पट्टी कोणी काढली’ यात गेली, तर उरलेल्या वेळात तो काय शिकणार? घरी संगणक असलेल्या मुलाचे यात फारसे बिघडत नाही. आपल्याकडील बहुतेक मुलांच्या घरी तो नाही. त्यांच्यासाठी ही तासिका म्हणजेच संगणक. म्हणून डेस्कटॉपची निवड ही येथे आवडीनिवडीची बाब राहत नाही.

पहिली कसोटी अर्थातच स्मृतीची. दान आलेल्या संगणकांत बहुधा ४ जीबी रॅम असते, क्वचित २ जीबी. ग्नोम नुसता सुरू होऊन बसला तरी त्यातील एक जीबीच्या आसपास वा त्याहून अधिक व्यापतो. उबुंटू आपल्या ग्नोमवर चालणाऱ्या मुख्य आवृत्तीसाठी किमान ४ जीबी सांगते. एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी यांची भूक बरीच कमी. केडीई प्लाझ्मा जड आहे अशी ख्याती आहे, पण ती जुन्या काळची. आजचा प्लाझ्मा समजुतीपेक्षा पुष्कळ हलका आहे. मात्र या आकड्यांच्या फार नादी लागू नये, असे आमचे मत आहे. डेस्कटॉपने वाचविलेली सारी स्मृती ब्राउझरमधील चार पाने गिळून टाकतात. शिवाय जुन्या संगणकाच्या संथपणाचे खरे कारण बहुधा रॅम नसून आतील फिरती हार्ड डिस्क असते. ती काढून लहानशी एसएसडी बसविली, तर जो फरक पडतो तो कोणताही डेस्कटॉप बदलून पडत नाही. देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे: नव्या एका संगणकाच्या किमतीत अनेक जुने संगणक पुन्हा चपळ होतात.

दुसरी कसोटी सामायिक वापराची. जे यंत्र दिवसभरात अनेक हातांखालून जाते, त्याची मांडणी प्रत्येक तासिकेला तीच राहिली पाहिजे. केडीईत सेटिंग्ज कुलूपबंद करण्याची खास सोय फार पूर्वीपासून आहे. ग्नोममध्येही ती करता येते. एक्सएफसीईत पट्टी व तिच्यावरील चिन्हे एका फाइलमधील लहानशा बदलाने कायम करता येतात. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र खाते ठेवावे आणि व्यवस्थापकाचा पासवर्ड शिक्षकांकडेच असू द्यावा.

तिसरी कसोटी मराठीची, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ग्नोममध्ये मराठी कळफलक जोडणे सोपे आहे. सेटिंग्जमध्ये इनस्क्रिप्ट किंवा ध्वनीनुसारी मांडणी निवडली की काम झाले, कारण आयबस ही लेखनव्यवस्था त्यात आधीच गुंफलेली असते. एक्सएफसीई वा एलएक्सक्यूटीमध्ये ती बहुधा निराळी घालावी लागते. एकदाच करावयाचे काम आहे; पण कोणी केले नाही, तर मुले ‘लिनक्सवर मराठी येत नाही’ असा कायमचा ग्रह करून घेतात. मेनूही मराठीत दिसू शकतात. पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयात काम करणाऱ्या भाषांतरकारांनी आणि अनेक स्वयंसेवकांनी त्यासाठी मोठे श्रम घेतले आहेत. तरी नव्या आवृत्त्यांत अधूनमधून इंग्रजी वाक्ये डोकावतात. एक बारीक पण सुखद गोष्ट: काही देवनागरी फाँटांत भाषा मराठी निवडली असता ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळण सोडून आपल्या शाळेत फळ्यावर गिरवितात तशी उमटतात.

शाळांसाठी अशी निवड करणारे आपण पहिले नव्हेत. स्पेनमधील एस्त्रेमादुरा या गरीब प्रांताने २००२ मध्ये आपल्या शाळांसाठी लिनएक्स ही प्रणाली काढली. डेस्कटॉप होता ग्नोम. पण त्यावरील प्रोग्रामांची नावे व चिन्हे त्यांनी आपल्या मातीतील थोर माणसांवरून ठेवली. चित्रांच्या प्रोग्रामला त्या प्रांताच्या सुरबारान या चित्रकाराचे नाव मिळाले. केरळच्या सरकारी शाळांतही संगणक शिक्षण मुक्तस्रोत प्रणालीवर चालते.

तर मग निवड कोणती? कक्षातील ४ जीबीच्या यंत्रांवर आम्ही एक्सएफसीई ठेवला आहे आणि त्याबद्दल समाधानी आहोत. २ जीबीचे यंत्र असेल तर एलएक्सक्यूटी. ज्यांचे आयुष्य विंडोजवर गेले अशा पालकांनी वा कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी लिनक्स मिंटचा सिनॅमन घ्यावा. डाव्या कोपऱ्यात मेनू आणि उजव्या कोपऱ्यात घड्याळ पाहून त्यांचा जीव भांड्यात पडतो. अभियांत्रिकीला गेलेल्या, यंत्राशी खेळण्याची हौस असलेल्या विद्यार्थ्याला केडीई द्यावा. आणि दृष्टिहीन किंवा अल्पदृष्टी विद्यार्थी असेल, तर रॅमचा विचार बाजूला ठेवून ग्नोम घ्यावा, प्रसंगी त्या एका यंत्राची रॅम वाढवावी. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा ओर्का हा प्रोग्राम ग्नोमबरोबर सर्वांत चांगला चालतो, आणि ईस्पीक हा त्याचा आवाज मराठीही बोलतो. उच्चार यांत्रिक आहे, कानाला सवय व्हावी लागते.

पालकांचा एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो: पुढे नोकरीत विंडोजच लागणार, मग हे कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु फाइल जतन करणे, फोल्डर लावणे, तक्त्यात सूत्र भरणे, दोन खिडक्यांत मजकूर नेणे-आणणे ही कौशल्ये एका डेस्कटॉपची मिरासदारी नाहीत. एक्सएफसीईवर हात बसलेली मुलगी विंडोजपुढे बसली, तर तिला बटणे शोधावी लागतील. काय शोधावयाचे ते तिला ठाऊक असेल. उलट ज्याने एकच पडदा पाठ केला, त्याला विंडोजची पुढची आवृत्तीही परकी वाटते.

घरचा संगणक बदलू पाहणाऱ्यांनी आमच्या शिफारशीवर न विसंबता स्वतः पाहून ठरवावे. मिंट आणि डेबियन यांच्या निरनिराळ्या डेस्कटॉपांच्या आवृत्त्या पेन ड्राइव्हवर घेऊन, संगणकात काहीही न घालता, थेट चालवून पाहता येतात. मात्र पेन ड्राइव्हवरून प्रणाली थोडी संथ चालते, हे गृहीत धरावे. पाहताना पार्श्वभूमीच्या चित्रांवर वेळ दवडू नये. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, घरचा प्रिंटर ओळखला जातो का, मराठीत चार ओळी लिहिता येतात का, आणि झाकण मिटून झोपविलेला लॅपटॉप झाकण उघडताच जागा होतो का, एवढे तपासावे. आणि हे सर्व, शक्य झाल्यास, घरातील ज्या व्यक्तीला तो रोज वापरावयाचा आहे तिलाच करू द्यावे.