‘माहीत’ वेगळं, ‘येणं’ वेगळं

चिनी शिकायला बसलेला मराठी माणूस सुरुवातीलाच एका जागी अडखळतो. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकात तीन वेगवेगळ्या चिनी क्रियापदांपुढे एकच अर्थ छापलेला असतो : ‘नो’. पण हा घोळ इंग्रजीचा. मराठीला ही तिन्ही क्रियापदं आधीच ठाऊक आहेत.

‘झीदाओ’ म्हणजे माहीत असणं. गाडी किती वाजता सुटते, बँक कुठे आहे, ही सगळी माहितीची बाब. ‘रनशी’ म्हणजे ओळखणं. एखादा नट कोण हे सगळ्यांना ‘झीदाओ’ असतं. ‘मी त्याला रनशी’ म्हणायचं तर ओळखदेख हवी. लिपीलाही हेच क्रियापद लागतं. चिनी मूल अक्षरं ‘रनशी’ करतं. आपल्या शाळेत अक्षरओळख होते, तसंच. तिसरं ‘हुइ’, म्हणजे शिकून येणं : पोहता येतं, चिनी बोलता येतं. मात्र आज हात दुखावल्यामुळे पोहता येत नसेल, तर तिथे ‘हुइ’ चालत नाही, ‘नंग’ लागतं. इथे आपलं एकटं ‘येणं’ अपुरं पडतं आणि खरा अभ्यास सुरू होतो.

समजण्यासाठी ‘दोंग’ आहे. ‘थिंग-दोंग’ म्हणजे ऐकून समजणं. मध्ये नकाराचा ‘बू’ आला की होतं ‘थिंग-बू-दोंग’ : कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही. नवशिक्याला सर्वांत जास्त उपयोगी पडणारा शब्द हाच.

‘झीदाओ’ला शेवटी ‘ल’ जोडला की ‘माहीत आहे’चं ‘कळलं’ होतं. 1661 ते 1722 या काळात राज्य केलेला कांग्शी बादशहा अधिकाऱ्यांच्या गोपनीय अर्जांवर लाल शाईने अनेकदा एवढंच लिहीत असे : ‘झीदाओ-ल’. आपल्याकडे पत्राच्या शेवटी ‘कळावे’ असतं; त्याचं हे बादशाही उत्तर. 2013 मध्ये तैपेईच्या राजवाडा संग्रहालयाने ‘आम्हांस कळले’ अशा अर्थाची ही अक्षरं छापलेली चिकटपट्टी विकायला काढली आणि ती हातोहात खपली.

म्हणींतही हे भेद टिकून आहेत. ‘लाओ मा शी तू’ म्हणजे म्हातारा घोडा वाट ओळखतो. ही गोष्ट ‘हान फेइ त्सु’ या ग्रंथात येते. मोहिमेवरून परतताना छी राज्याचं सैन्य वाट चुकलं. मंत्री ग्वान चोंगने म्हातारे घोडे मोकळे सोडले, सैन्य त्यांच्या मागे चाललं आणि वाट सापडली. या म्हणीतला ‘शी’ म्हणजे ‘रनशी’मधलाच शी. घोड्याकडे नकाशा नव्हता, वाटेची ओळख होती.

‘झीयिन’ म्हणजे स्वर जाणणारा. जुन्या चिनी कथेतला बोया तंतुवाद्य वाजवायचा आणि त्याच्या मनात पर्वत आहे की वाहतं पाणी, हे त्याचा मित्र झोंग त्सुछी नेमकं सांगायचा. मित्र गेल्यावर बोयाने तारा तोडल्या आणि पुन्हा वाद्य हाती धरलं नाही. आज जिवलग मित्रालाही ‘झीयिन’ म्हणतात. इथला ‘झी’ मात्र ‘माहीत’च्या फार पुढचा आहे, आपल्या ‘जाणकार’मधल्या ‘जाण’च्या जवळचा.

म्हणून चिनी शिकणाऱ्यांनी वहीत इंग्रजी अर्थ लिहू नयेत. ‘माहीत’, ‘ओळख’, ‘येतं’, ‘समजलं’, ‘कळलं’ असे मराठी शब्दच लिहावेत. निम्म्या चुका तिथेच टळतील.