हिवाळ्यांतील घर आणि शेगडी

मार्गशीर्ष लागला म्हणजे महाराष्ट्राच्या पठारावर उत्तरेकडील कोरडे वारे वाहूं लागतात. आकाश निरभ्र असल्यामुळें दिवसां तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता झपाट्यानें बाहेर टाकते, आणि गार झालेली जड हवा सखल भागांत सांचते. नाशिक जिल्ह्यांत निफाडची थंडी प्रसिद्धच आहे. विदर्भांतहि ती कांहीं कमी नसते. नागपूर येथें २९ डिसेंबर २०१८ रोजीं पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशी कडाक्याची थंडी वर्षांतून थोडेच दिवस पडते, म्हणून इकडील घरें तिच्यासाठीं बांधलेलीं नसतात. ती आली कीं माणसें दारें-खिडक्या गच्च लावतात, खोलींत शेगडी आणून ठेवतात आणि निजतात. हा उपाय मूळ थंडीपेक्षां अधिक घातक ठरतो.

ओलें लांकूड जळूं लागलें म्हणजे धुरानें डोळ्यांना पाणी येतें आणि माणूस उठून दार उघडतो. धूर हा एका अर्थीं घरचा पहारेकरीच होय. परंतु कोळसे फुलले, धूर थांबला, म्हणजे शेगडी निर्धोक झाली असें समजून ती आंत नेण्याची चाल आहे. कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाहीं म्हणजे त्याचें ज्वलन अर्धवट होतें व कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो डोळ्यांना झोंबत नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन हें द्रव्य शरीरभर प्राणवायु वाहून नेतें. त्या द्रव्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. छातीचा भाता चालू असतो, पण रक्त रिकाम्या हातानें फिरत राहतें. प्रथम डोकें दुखतें, भोवळ येते, मळमळतें. पण निजलेल्या माणसाला हीं लक्षणें कळतच नाहींत. त्याची झोंप तेवढी गाढ होत जाते.

शेगडीशेजारीं पाण्यानें भरलेलें भांडें ठेवलें म्हणजे बाधा होत नाहीं, अशी एक समजूत आहे. ती चुकीची होय. हा वायु पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं. तो हवेंत सर्वत्र मिसळतो, त्यामुळें पलंगावर निजणारा आणि जमिनीवर निजणारा, दोघेहि सारखेच त्याच्या तडाख्यांत सांपडतात.

या बाबतींत सर्वांत अधिक जपावयाची खोली म्हणजे बाळंतिणीची. वारा लागूं नये म्हणून खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबावयाच्या, बाजेखालीं शेगडी सारावयाची आणि तींत ओवा व बाळंतशोपा टाकून धुरी द्यावयाची, ही रीत मायेपोटीं आलेली आहे. परंतु तान्ह्या मुलाचा श्वास मोठ्या माणसापेक्षां जलद चालतो, म्हणून वायूची बाधा त्याला लवकर होते. यावर घरांतील वडीलधाऱ्या बायका म्हणतात, "आमचीं चार-चार बाळंतपणें अशींच झालीं, कोणाला कांहीं झालें नाहीं." त्यांच्या बोलण्यांत तथ्य आहे, पण तें श्रेय शेगडीचें नसून त्या वेळच्या घराचें आहे. कौलांच्या सांध्यांतून, वाशांच्या फटींतून आणि झरोक्यांतून जुनें घर रात्रभर श्वास घेत असे. आजच्या घराला सिमेंटची गच्ची आहे आणि खिडक्यांना घट्ट बसणाऱ्या काचा आहेत. घर बदललें, शेगडी मात्र तीच राहिली.

मग उब आणावी कोठून? ती मुख्यतः माणसाच्या देहांतच असते. ती जाऊं न देणें एवढेंच काम उरतें. गोधडी किंवा घोंगडी स्वतः गरम नसते. तिच्या थरांत व लोकरींत अडकलेली हवा अंगची उष्णता राखते. त्यामुळें एका जाड पांघरुणापेक्षां दोन पातळ पांघरुणें पुष्कळदां अधिक उपयोगी पडतात. तसेंच, जेवढें अंगावर घ्यावें तेवढेंच अंगाखालींहि घालावें, कारण फरशी उष्णता भराभर ओढून घेते. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. महाराष्ट्रांत डिसेंबरअखेर तो भर दुपारींहि क्षितिजापासून पन्नास अंशांहून फारसा वर चढत नाहीं. म्हणून दक्षिणेच्या खिडक्या दुपारीं उघड्या ठेवाव्या म्हणजे ऊन खोलींत दूरवर येतें व जमीन आणि भिंती तापतात. दिवस कलतांच त्या लावून घ्याव्या. उत्तरेकडील दाराच्या खालच्या फटीशीं गोणपाटाची वळकटी ठेवावी. पण वरच्या अंगाचा एक झरोका मोकळाच असावा. हातपाय शेकावयाचे ते ओसरीवर किंवा अंगणांत. बाळंतिणीला शेक द्यावयाचाच असेल तर तो दिवसां, दार उघडें ठेवून, कोणी जागें असतांना द्यावा, आणि मग शेगडी घराबाहेर न्यावी. तान्ह्याचें तोंड पांघरुणानें झांकूं नये.

शेगडी गेली तेथें आतां न्हाणीघरांतला गॅसचा गीझर आला आहे. त्याचाहि धोका तोच. लहानशी, कोंडलेली न्हाणी, आंत जळणारी ज्योत, आणि लावलेली कडी! असा गीझर न्हाणीबाहेर मोकळ्या जागीं बसवावा.

घरांतील दोघा-तिघांचें एकाच वेळीं डोकें दुखूं लागलें, किंवा कोणी हांकेला ओ देईनासें झालें, तर प्रथम दारें-खिडक्या सताड उघडाव्या, माणसाला मोकळ्या हवेंत न्यावें आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जरा बरें वाटलें म्हणून डॉक्टरांकडे जाणें टाळूं नये.

थंडीच्या दिवसांत रात्रीं निजण्यापूर्वीं घरांतील कर्त्या माणसानें एकदां घरभर फेरी घालावी. शेगडी बाहेर आहे ना, झरोका मोकळा आहे ना, आणि मुलांच्या अंगाखालीं पुरेसें अंथरूण आहे ना, एवढें पाहावें आणि मग दिवा मालवावा.