गोंड समाज आणि सरकारदरबारची भाषा

निजाम राजवटीत सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. त्यामुळे आदिलाबादच्या निरक्षर गोंडांना जमिनीच्या अर्जासाठीही दुसऱ्याच्या लेखणीवर विसंबावे लागे. १९४० मध्ये जोडेघाट येथे जल, जंगल, जमिनीसाठी लढताना कुमरम भीम मारले गेले. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या प्रयत्नाने १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली.

अमेरिकेतील चेरोकी आदिवासींकडे १८२७ पासून लिखित राज्यघटना होती. त्यांचे प्रमुख जॉन रॉस यांनी १८३६ मध्ये अन्यायकारक कराराविरुद्ध अमेरिकी संसदेकडे इंग्रजीतून लेखी निषेध नोंदविला. तरीही १८३८ मध्ये त्यांचे सक्तीने स्थलांतर झाले. मात्र त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत दप्तरी राहिली.

म्हणून आपल्या वर्गात मातृभाषेबरोबर अर्जलेखनही शिकविणे अगत्याचे आहे.