चितळाची मान वर का होते?



मोहफुलांचा हंगाम आला की आपण पहाटेच टोपली घेऊन निघतो. मागच्या वर्षी आमच्या गटातल्या पाच जणी कोका अभयारण्याच्या बाजूला, शिवारालगतच्या मोहाखाली फुले वेचत होतो. एकाएकी वरची वानरे खेकसायला लागली. मी म्हटले, "भांडत असतील." सोबतच्या काकी म्हणाल्या, "नाही बाई, सारी एकाच बाजूला पाहून ओरडतात. चला." अर्धी टोपली घेऊन आम्ही माघारी फिरलो. त्या दिवसाची कमाई बुडाली. दुपारी वनरक्षकांनी तिथल्याच नाल्याच्या रेतीत वाघाच्या पायाचे ठसे दाखवले.

पोट की जीव, हा हिशोब जंगलातले चितळ रोजच करते. मान खाली घालून चरले तर पोट भरते, पण वाघ दिसत नाही. मान वर ठेवली तर वाघ दिसतो, पण पोट रिकामे राहते. म्हणून ते चार घास खाते आणि मान वर करते. कळपात डोळे जास्त असतात, त्यामुळे प्रत्येकाला निवांत चरायला थोडा जास्त वेळ मिळतो. एकट्या चितळाला हे जमत नाही.

वानर आणि चितळ यांचे तर साटेलोटेच आहे. वानराला उंचावरून दूरचे दिसते, चितळाचे नाक आणि कान तिखट. वानरे खाताना पाला, फळे खाली टाकतात, ती चितळांना मिळतात. धोका कळला की जो आधी ओळखेल तो ओरडतो. वाघ दबा धरून शिकार करतो. आपण दिसलो हे कळले की बहुतेक वेळा तो तिथून निघून जातो.

भीतीची किंमतही मोठी असते. कॅनडातल्या अभ्यासकांनी चिमण्यांसारख्या पक्ष्यांची घरटी जाळ्या लावून राखली आणि त्यांना शिकारी प्राण्यांचे नुसते आवाज ऐकवले. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या भीतीने त्या पक्ष्यांची वर्षभरातली पिल्ले ४० टक्क्यांनी कमी झाली होती. आईबाप घाबरून घरट्यावर कमी बसले, पिल्लांना चारा कमी मिळाला.

आपले कोका, नागझिरा आणि नवेगाव २०१३ मध्ये एकाच व्याघ्र प्रकल्पात आले. वाघ माणसांच्या वस्तीला बिचकतो, म्हणून चितळे गावाजवळ येतात, धानात शिरतात. त्यांच्या मागावर कधी वाघ, बिबटही येतो. तेव्हा शेताजवळ चितळांचे कळप दिसायला लागले, तर आपणही सावध व्हायला हवे.

आता आपण काय करायचे? एकटीने जायचे नाही. चांगले उजाडल्याशिवाय निघायचे नाही. वाकून वेचणारी बाई जनावराला चार पायांच्या प्राण्यासारखी वाटू शकते, म्हणून आळीपाळीने एकीने उभे राहून पाहायचे. बोलत राहायचे. वानर सतत खेकसले, चितळ ओरडले किंवा सांबराचा मोठा आवाज आला, तर टोपलीचा मोह सोडून सगळ्यांनी मिळून मागे फिरायचे. पळायचे मात्र नाही.

राखणीला उभ्या राहणारीची टोपली रिकामी राहते. म्हणून आमच्या गटाने ठरवले आहे, सगळ्यांची फुले एकत्र करून सारखी वाटायची. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.