उत्तर आहे, पत्ता नाही

मार्च १९८९ मध्ये ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्यालगत खडकावर आदळलं आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात सांडलं. अशा वेळी तेल गोळा करून बार्जमध्ये भरतात. पण तिथल्या थंडीत पाणी मिसळलेलं तेल इतकं घट्ट होतं की ते पंपाला दाद देत नाही. तेलगळतीवर काम करणाऱ्या तिथल्या संशोधन संस्थेने २००७ मध्ये हा प्रश्न ‘इनोसेंटिव्ह’ या संकेतस्थळामार्फत खुला केला. बक्षीस २० हजार डॉलर, उत्तर कोणीही द्यावं.

उत्तर दिलं इलिनॉयच्या एका रसायनतज्ज्ञाने. तेलधंद्याशी त्याचा काही संबंध नव्हता, पण काँक्रीट ओतण्याचं काम त्याने जवळून पाहिलं होतं. आपल्याकडे स्लॅब टाकताना ओल्या मालात व्हायब्रेटरची सुई सोडतात. घरघर सुरू झाली की जड, हट्टी काँक्रीट हलकेच वाहू लागतं आणि सळ्यांमधल्या फटींत जाऊन बसतं. तेलालाही असंच हलवत ठेवा, ते गोठणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

अर्थात, एका किश्श्यावर सिद्धान्त उभा राहत नाही. म्हणून लार्स बो येप्पेसेन आणि करीम लखानी यांनी या संकेतस्थळावरचे १६६ प्रश्न आणि ते सोडवू पाहणारे १२ हजारांहून अधिक शास्त्रज्ञ तपासले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की प्रश्नाचा विषय आपल्या क्षेत्रापासून जितका लांब, तितकी तो सुटण्याची शक्यता जास्त. विज्ञानाच्या प्रस्थापित वर्तुळाबाहेर राहिलेल्या स्त्री शास्त्रज्ञांची कामगिरीही सरस ठरली. तज्ज्ञ समितीत तीच ती पाच नावं घालणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा.

इथे निदान बक्षीस तरी होतं. ओपन सोर्सच्या जगात तेही नाही, मग लोक का राबतात? लखानी आणि एमआयटीचे एरिक फॉन हिपेल यांनी ‘अपाचे’ या सर्व्हर प्रणालीच्या वापरकर्त्यांवर लक्ष ठेवलं. कुणाचं काही अडलं की तो प्रश्न विचारायचा आणि अनोळखी माणूस फुकटात उत्तर द्यायचा. वरवर पाहता हा निव्वळ परोपकार. प्रत्यक्षात ही मंडळी आपला बहुतेक वेळ इतरांचे प्रश्न आणि उत्तरं वाचण्यात घालवत होती, कारण उद्या तीच अडचण त्यांनाही येणार होती. त्यांच्या एकूण श्रमांपैकी ९८ टक्के श्रम असे स्वतःच्या शिकण्यावरच खर्च होत होते. वाचता वाचता एखाद्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठाऊक असलं, तर ते लिहून टाकायला काही मिनिटंच लागत. मला हा निष्कर्ष निःस्वार्थ सेवेच्या गोडगोड कथांपेक्षा जास्त आश्वासक वाटतो. सेवाभाव आटू शकतो. शिकण्याची गरज सहसा आटत नाही.

क्राउडफंडिंगमध्ये हिशेब बदलतो. इथे गर्दीकडून ज्ञान नव्हे, पैसा मागायचा असतो, आणि तोही अजून न बनलेल्या वस्तूसाठी. ईथन मॉलिक यांनी २०१४ मध्ये ४८ हजारांहून अधिक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पैसे घेऊन पळणारे फार थोडे निघाले. मात्र कबूल केलेली वस्तू ७५ टक्क्यांहून अधिक जणांनी उशिरा दिली. गंमत म्हणजे ज्यांच्याकडे मागितल्यापेक्षा जास्त पैसा जमला, तेच जास्त रखडले.

कल्पना अर्थात जुनी आहे. श्याम बेनेगलांच्या १९७६ च्या ‘मंथन’ चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले होते.

पण गर्दीला कलेतलं काय कळतं, ही शंका उरतेच. मॉलिक आणि रामना नंदा यांनी ती नाटकांवर तपासून पाहिली. लोकवर्गणी मागणारे नाट्यप्रकल्प त्यांनी जाणकार परीक्षकांपुढेही ठेवले. बहुतेक ठिकाणी दोघांचं मत जुळलं. जिथे जुळलं नाही, तिथे बहुधा परीक्षक नको म्हणत होते आणि लोक पैसे द्यायला तयार होते. केवळ लोकांच्या भरवशावर उभी राहिलेली ही नाटकं पुढे कशी ठरली, तेही त्यांनी पाहिलं. दोघांनीही उचलून धरलेल्या नाटकांपेक्षा ती कुठेच उणी नव्हती.