पवनऊर्जा प्रकल्प आणि पर्यावरणीय आघात मूल्यांकन
१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या सूचीत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेश नाही. वनजमीन लागल्यास १९८० च्या वन कायद्यान्वये मंजुरी घ्यावी लागते, इतकेच. धूर नाही म्हणून आघातही नाही, हे गृहीतक साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावर टिकले नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे एक चतुर्थांशच आढळले. परिणामी सरड्यांची संख्या अधिक होती आणि त्यांच्यातील ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण कमी. केवळ पात्यांवर आदळून मेलेले पक्षी मोजणाऱ्या पाहणीत अन्नसाखळीतील ही उलथापालथ दिसलीच नसती. त्यासाठी प्रकल्पापूर्वीची जीवसृष्टीची नोंद हाताशी हवी. चाळकेवाडीत तुलना करावी लागली ती पवनचक्क्या नसलेल्या शेजारच्या भागाशी.