सुरुवात घरातून: सांडपाणी, शेण आणि पाचट

डाळज म्हणजे पुणे-सोलापूर महामार्गालगतचं, उजनीच्या फुगवट्याजवळचं इंदापूर तालुक्यातलं गाव. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. ते रोखणं एका घराच्या हातात नाही. आपल्या मोरीचं पाणी मात्र आहे.

त्यासाठी शोषखड्डा करावा. मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तळाशी मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे आणि खडी भरायची. वरच्या थरात तळाला भोकं पाडलेलं मडकं बसवून त्यात नारळाचा काथ्या घालायचा आणि मोरीचा पाइप मडक्यात सोडायचा. खरकटं, साबणाचा गाळ काथ्यात अडकतो. तो अधूनमधून बदलायचा, नाहीतर खड्डा तुंबतो. काळ्या जमिनीत पाणी हळू मुरतं, तिथं खड्डा मोठा घ्यावा. जवळ केळी, अळू लावलेलं उत्तम.

गोठ्यात चार-पाच जनावरं असतील तर २ घनमीटरचा गोबरगॅस चालतो. त्याला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं. गॅसवर चार-पाच जणांचा स्वयंपाक होतो, उरलेली स्लरी उसाला जाते.

पाचट जाळणं ही या पट्ट्यातली सगळ्यात वाईट सवय. याच पाचटापासून कोळसा बनवण्याच्या तंत्रासाठी डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेला २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. खोडव्यात सरीत पाचट दाबलं तर ओल टिकते, तणही कमी. यंदा तोडणीनंतर निदान एका एकरात काडी लावू नका.